सही मागे घेणारे सर

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात सरांचा सगळ्यांत जास्त राग कुणाला येत असेल तर तो तासांचं रजिस्टर सांभाळणाऱ्या कारकुनाला. बाकीचे प्राध्यापक सकाळी आले की दिवसभराच्या तासांपुढं एकदम सह्या ठोकून मोकळे व्हायचे. सर मात्र एकेक तास संपला की खडूनं माखलेले हात घेऊन दोन जिने चढून यायचे आणि तेवढ्याच तासापुढं सही करायचे. चार तास असले तर चार वेळा.

"सर, एकदाच करून टाका की," कारकून काकुळतीला यायचा.

"दुपारचा तास अजून व्हायचाय. घेतला म्हणून आत्ताच कसं लिहू?"

"रोज घेताच की तुम्ही."

"रोज घेतो. आज घेईन, हे कशावरून?"

कारकून कपाळावर हात मारून रजिस्टर पुढं सरकवायचा. 'कशावरून' हा सरांचा लाडका शब्द होता आणि त्या एका शब्दाच्या जोरावर त्यांनी निम्मं कॉलेज स्वतःपासून लांब ठेवलं होतं.

मीही लांबच राहिले असते. सिल्लोडहून औरंगाबादेत शिकायला आलेली मुलगी मी, संगणकाच्या शेवटच्या वर्षाला. ऐच्छिक विषयांपैकी जे चमचमीत होते त्यांच्या जागा माझी एसटी येईपर्यंत भरून गेल्या आणि उरला सरांचा विषय. फॉर्मल मेथड्स. नाव ऐकूनच पोरं पळायची. आम्ही चौघं होतो, आणि चौघंही उशिरा आलेले. प्रोग्राम लिहायच्या आधी त्यानं नेमकं काय करायचं आहे ते गणिताच्या भाषेत कागदावर मांडायचं, मग पायरीपायरीनं प्रोग्रामपर्यंत उतरायचं, आणि प्रत्येक पायरीवर वरचं काही सांडलं नाही ना, हे सिद्ध करायचं, असा तो विषय. अख्खं पहिलं सत्र सरांनी आम्हाला संगणकाला हात लावू दिला नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर आम्ही पेन्सिलीनं लिहायचो. बाकीची मुलं लॅबमध्ये पडद्यावर चेंडू उड्या मारायला लावत होती आणि आम्ही जून महिन्याच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी लिहीत होतो.

टाकी हा पहिला धडा. सरांच्या कॉलनीत नळाला रोज पाणी यायचं नाही, त्यामुळं टाकी हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. "टाकीनं काय करायला हवं ते लिहा," ते म्हणाले. मी मोटर लिहिली, तरंगता फुगा लिहिला, फुगा वर आला की मोटर बंद. सरांनी सगळ्यावर काट मारली. "हे 'कसं' झालं. मी 'काय' विचारलं होतं." मग मी फार हुशारीनं एकच ओळ लिहिली, की टाकी कधीही भरून वाहणार नाही. सर बाहेर गेले, शिपायाची रिकामी बादली घेऊन आले आणि माझ्या बाकावर ठेवली.

"ही घे तुझी टाकी. कधी भरून वाहत नाय."

वर्ग हसला. मी चिडले. पण त्या दिवसापासून कुठलीही मागणी लिहिली, की आधी मी तिच्यात बसणारी रिकामी बादली शोधायला लागले, आणि अजूनही शोधते.

सर किडकिडीत होते, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. खिशात तपासायला पेन्सिल आणि सहीसाठी शाईचं पेन. आमच्या कागदांसाठी त्या पेनाचं टोपण आम्ही वर्षभरात मोजक्या वेळा निघालेलं पाहिलं. त्यांचे वडील कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. निजामाच्या काळात ते उर्दूत दस्त लिहायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली, आणि ऐन चाळिशीत त्यांनी मराठीत कलमं लिहायला नव्यानं शिकून घेतलं. सरांनी पुस्तकातले इंग्रजी शब्द बाजूला सारले आणि आम्हाला वडिलांचे शब्द दिले. काम सुरू होण्याआधी जे खरं असायला हवं ती शर्त. काम झाल्यावर जे खरं असेल ती हमी. आणि मध्ये काहीही झालं तरी जे खोटं होता कामा नये, ते कायम कलम.

या विषयाचा जो मुख्य नियम, तो त्यांनी शिंप्यावरून सांगितला.

"दर्जी म्हणाला, दोन मीटर कापड आणा, ईदच्या आदल्या दिवशी सदरा देतो. त्यानं दीड मीटरात भागवलं, तर चालंल. चार दिवस आधी दिला, तर लई चांगलं. पण मधीच म्हणाला, बटणं तुम्हीच आणा, तर तो दर्जी बदला. आपण पायरी उतरताना शर्त वाढवायची नाय, हमी घटवायची नाय. बस. बाकी सगळं हिशेबाचं काम हाय."

सर हा नियम फक्त फळ्यावर पाळत नव्हते. त्यांच्या घरी गेलो की काकू आम्हाला ज्वारीच्या पिठाची धिरडी करून घालायच्या आणि सरांसमोरच सरांच्या चुगल्या सांगायच्या. लग्न ठरल्यावर सरांनी त्यांना एक चिठ्ठी पाठवली होती. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांत काय असतं ते काकूंच्या मैत्रिणींनी त्यांना सांगून ठेवलं होतं. सरांच्या चिठ्ठीत सहा कलमं होती.

"सिनेमाला नेणं जमेल. सिनेमा चालू असताना गप्प बसणं जमणार नाही. असलं," काकू म्हणाल्या. "माझ्या वडलांनी वाचली नि म्हणले, पोरगं येडं दिसतंय, पण खोटं बोलणारं नाय."

"मग पाळली का काकू, सहाही?"

"पाळली की. आणि भाजी चिरणं त्यात कुठंच नव्हतं. ते वीस वर्षांपासून करतात."

सर खाली मान घालून धिरड्यावर चटणी पसरत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

एकदा त्यांनी आम्हाला सिटी बसमध्ये घालून हर्सूलला नेलं. जेलचं दार बघायला. आधी बाहेरचं दार उघडतं, माणूस आत जातो, ते बंद झाल्यावरच आतलं उघडतं. दोन्ही एका वेळी कधीच उघडी नसतात. कायम कलम शिकवायला याहून चांगली जागा शहरात नाही, असं सरांचं म्हणणं. आम्ही रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली वह्या घेऊन उभे. अर्ध्या तासानं एक पोलीस आमच्याकडं आला आणि माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "कोण आत हाय पोरी तुझं?"

"कुणी नाय," सर म्हणाले. "आम्ही फक्त दार बघायलोत."

पोलिसाला ते पटलं नाही. त्यानं आम्हा सगळ्यांची नावं लिहून घेतली. सरांनी मात्र त्याच्याशी अशा काही गप्पा सुरू केल्या, की शेवटी त्यानंच जमिनीवर काडीनं दोन दारं काढून, किल्ल्या दोन माणसांकडं का असतात ते आम्हाला समजावून सांगितलं. परत येताना सर इतके खूश होते, की त्यांनी बसमध्ये कंडक्टरलाही ते सांगितलं.

सरांना मी थट्टेवारी नेत होते ते इथपर्यंत. पुढचं सांगताना थट्टा येत नाही.

शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट असायचं. सरांच्या शेजाऱ्याचा चिकलठाण्याला लहानसा कारखाना होता, तिथं पत्र्याचे तुकडे दाबून भाग काढायचे. प्रेस मशीन जुनं, पायानं चालवायचं. मालकांना त्यावर नवं कंट्रोलर बसवायचं होतं. दोन बटणं, एक डावीकडं, एक उजवीकडं, दोन्ही दाबली तरच साचा खाली येणार, म्हणजे कामगाराचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले राहणार. प्रोग्राम मी लिहायचा. गुढीपाडव्यापर्यंत माल घेणाऱ्या कंपनीला मशीन सुरक्षित असल्याचे सहीचे कागद दाखवता आले, तर तुला इथंच ठेवून घेतो, असं मालक म्हणाले होते. घरून निरोप येऊन पडला होता, शिक्षण झालं की सिल्लोडला परत ये. मला परत जायचं नव्हतं. त्यामुळं त्या प्रोग्रामवर मी जीव ओतला.

पहिल्या पानावर माझी मूळ मागणी होती. साचा खाली येत असताना कामगाराचा हात साच्यात नसेल. दुसऱ्या पानावर हात गेले आणि बटणं आली, कारण यंत्राला हात दिसत नाहीत, बटणं दिसतात. दोन पानांना जोडणारं वाक्य मी लिहिलं. दोन्ही बटणं दाबलेली असतील, तर दोन्ही हात साच्याबाहेर आहेत. या वाक्यावरून पुढचं सगळं घरंगळत आल्यासारखं सिद्ध होत गेलं. सरांनी अकरा दिवस तपासलं, ओळीओळीला पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि शेवटी शाईचं पेन उघडलं. तारखेसकट सही. मी त्या पानाची झेरॉक्स काढून सिल्लोडला दादांना, माझ्या वडिलांना, पाठवली.

कंट्रोलर बसलं, चाचणी म्हणून काम सुरू झालं. सहा दिवसांनी सर एकाएकी म्हणाले, "मी कारखान्यात जाऊन येतो. हातावर सही केली, पण तो हात पाह्यलाच नाय."

तो हात गफ्फारभाईंचा होता. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, प्रेसवर आयुष्य गेलेलं. सर त्यांच्यापासून चार पावलांवर स्टूल टाकून बसले. पहिला दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना दिसलं, की डाव्या बटणावर हिरव्या फडक्याची पट्टी करकचून बांधलेली आहे. बटण दाबलेलं ते दाबलेलंच. गफ्फारभाई मोकळ्या डाव्या हातानं साच्यात पत्रा सरकवत होते, हात काढत होते आणि उजव्या हातानं बटण दाबत होते. सरकव, काढ, दाब. घड्याळासारखं.

"गफ्फारभाई, हे काय?"

"कायकू दो दो बटन दबाते बैठना सर? नगावर पगार हाय आमचा. पत्रा धरायला एक हात नको व्हय?"

सरांनी कंट्रोलरचं झाकण उघडलं, फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मालक धावत आले. फ्यूज बाजारात मिळतो सर, ते म्हणाले.

"मिळतो की," सर म्हणाले. "पण तो तुम्ही घालाल. मी नाय."

मालकांनी घातला नाही. हे त्यांचं मोठेपण, तेव्हा मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्याकडून ते पान मागून घेतलं, माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, सही मागे घेतो, जोडवाक्य खोटं आहे. परत तारीख.

मी भांडले. सरांशी कुणी तसं बोललं नसेल. "सर, माझी सिद्धता बरोबर आहे. तुम्हीच तपासली. तो माणूस फडकं बांधतो, ही त्याची चूक आहे. मालक पाटी लावायला तयार आहेत, बटणाला फडकं बांधू नये म्हणून. झालं."

"ही शर्त पहिल्या पानावर होती?"

मी पहिलं पान उघडलं.

"पहिल्या पानावर आपण काय म्हणलो? हात साच्यात नसेल. तिथं त्याच्याकडं काहीच मागितलं नव्हतं. आता खाली उतरल्यावर म्हणायचं, तू फडकं बांधू नको, तू घाई करू नको, तू पगार विसर. पाटी लावली की आपली सुटका झाली, पण शर्त वाढली. आणि बाळ, सिद्धता बरोबर हाय हे खरं. मीपण तेवढीच तपासली. ते एक वाक्य मी खुर्चीत बसून खरं मानलं. चूक माझी मोठी, कारण सही माझी."

ते 'बाळ' मला तेव्हा चाबकासारखं लागलं. चार दिवस मी कॉलेजात गेले नाही. होस्टेलच्या कॉटवर पडून मनातल्या मनात सरांना वाट्टेल ते बोलत होते. एका वाक्यासाठी माझी नोकरी घालवली, असंच मला वाटत होतं. पाचव्या दिवशी काकू धिरडी घेऊन होस्टेलवर आल्या. त्या सरांची बाजू मांडायला आल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "हे जेवायलेत, पण तोंडाला चव नाय म्हणतात. 'गफ्फारभाई आठ दिवस त्या मशीनवर होता, नि कागदावर माझी सही होती,' हेच धरून बसलेत."

मी ते आठ दिवस मोजलेच नव्हते. मी पाडवा मोजत होते.

मग मीही जाऊन त्या स्टुलावर बसले. मशीन पुन्हा पायावर चालत होतं, गफ्फारभाई चालवत होते आणि मी त्यांचे हात बघत होते. माणूस कंटाळतो, पत्रा तिरका बसतो, हात सवयीनं आत जातो. हे माझ्या एकाही पानावर नव्हतं. नवी मांडणी करायला तीन आठवडे गेले. आता दर दाबानंतर दोन्ही बटणं सुटायला हवीत, आणि पुन्हा दोन्ही जवळपास एकाच क्षणी दाबली जायला हवीत. एखादं नुसतंच दाबून राहिलं, तर यंत्र जागचं हलणार नाही. साचा खाली येतायेता एक जरी बटण सुटलं, तर तिथंच थांबेल. गफ्फारभाईंनी काहीही बांधावं. शर्त काही नाही.

पाडवा कधीच होऊन गेला होता. नोकरीचं मालकांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. पुढं मिळाली मला, दुसरीकडं, पण ते जाऊ द्या.

चाचणीच्या दिवशी मालक कागद घेऊन उभे होते. सर स्टुलावर. गफ्फारभाईंनी अगदी सहज, आमच्यासमोरच, डाव्या बटणावर फडकं करकचलं. त्यांना ते लपवावंसं वाटलं नाही आणि सरांनीही अडवलं नाही. पत्रा सरकवला, हात काढला, उजवं बटण दाबलं. साचा वरच. पुन्हा दाबलं. काही नाही.

"बिगड गया," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. पत्रा नीट बसला नसेल असं वाटून त्यांनी तो सारखा करायला डावा हात आत घातला, पार मनगटापर्यंत. आणि उजव्या हाताचा अंगठा चिडून बटण दाबतच होता. एकदा, दोनदा, तीनदा. खट, खट, खट.

साचा वर गप्प उभा होता.

सर उठून त्यांच्या शेजारी गेले आणि अगदी हळू म्हणाले, "गफ्फारभाई, डावा हात कुठं हाय तुमचा?"

गफ्फारभाईंनी खाली पाहिलं. आत आपला हात, बाहेर बटणावर आपलाच अंगठा. त्यांनी अंगठा उचलला. मग हात बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला आणि पायजम्याला पुसला. मालकांनी तोंड फिरवलं.

सर पुन्हा स्टुलावर बसले. एवढी वर्षं सही करताना हा माणूस कशाला भीत होता, ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी त्यांना चार दिवस मनातल्या मनात जे जे बोलले होते ते सगळं आठवून मला तिथंच रडू आलं. थोड्या वेळानं मालकांनी कागद पुढं केला. सरांनी खिशातून पेन काढलं, टोपणही काढलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "तो हात अजून डोळ्यांपुढून जाईना."

गफ्फारभाई कोपऱ्यातल्या माठाकडं गेले. पाण्यानं भरलेला ग्लास घेऊन आले आणि सरांच्या पुढं वाकून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.